अशी फाइल सापडत नाही

नानांनी पडद्यावरच्या लाल ओळीवर पेन्सिलीचं मागचं टोक टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं.

"ही बघ. सकाळपासून लावतोय, दर वेळी इथंच येऊन अडतं."

"काचेवर टोचू नका, नाना. सरका जरा," धाकटी म्हणाली आणि स्वयंपाकघरातली खुर्ची ओढून वडिलांच्या शेजारी बसली.

नाना छापखान्यात मुद्रितशोधक होते. छापखाना बंद पडला, तेव्हा दुसऱ्यांच्या चुका काढल्याशिवाय दिवस ढकलायचा कसा, हा मोठाच प्रश्न झाला. धाकटीनं मग त्यांना एक काम लावून दिलं. प्रोग्रॅमचे सुटे तुकडे जोडून त्यातून चालता प्रोग्रॅम करून देणारं एक सॉफ्टवेअर होतं. फुकट, सगळ्यांना खुलं, जगभरच्या हौशी लोकांनी मिळून सांभाळलेलं. ते ज्या सूचना देतं, त्या मराठीत आणायच्या. पैसा नाही, मान नाही. नाना त्या कामाला असे चिकटले की आई म्हणायची, "त्या डब्याशी बोलतात त्याच्या निम्मं माझ्याशी बोलले असते, तर माझा संसार सुखाचा झाला असता."

एकेका वाक्यावर ते दिवसच्या दिवस घालवत. मागितलेली फाइल मिळाली नाही, एवढंच सांगायचं, तर आधी त्यांनी 'संचिका आढळली नाही' असं लिहिलं. मग धाकटीला फोन. "संचिका कोण म्हणतं गं? सरकारी वाटतं." पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन. "'अशी फाइल सापडत नाही.' हे कसं वाटतं?" तिला ते छान वाटलं, तसं ती म्हणालीही. ऑफिसात ती हेच सॉफ्टवेअर वापरायची. नवी आवृत्ती आली की तिच्यासोबत येणाऱ्या चाचण्या स्वतः लावून मगच ती चालू करायची. "तुझ्याकडे मराठीतच असतं ना?" नाना विचारायचे, आणि ती हो म्हणायची.

यंदा मात्र ते सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या परदेशी माणसानं, नाना त्याला कारभारी म्हणत, फर्मान काढलं होतं. ज्यानं त्यानं आपापल्या भाषेत चाचण्या लावून बघायच्या. ज्या भाषेत त्या पास होणार नाहीत, ती आज संध्याकाळच्या आवृत्तीतून काढून टाकायची. नानांनी आजवर फक्त वाक्यं पाठवली होती. चाचण्या लावायची ही त्यांची पहिलीच वेळ, आणि पडदाभर लाल ओळी उमटल्या. कारभाऱ्याला कळवलं, तर त्याचं एका ओळीचं उत्तर आलं: माझ्याकडे तर चालतंय.

"सगळे प्रोग्रॅमर हेच म्हणतात," धाकटी म्हणाली. "थांबा, बघते."

तिनं चाचणीची स्क्रिप्ट, म्हणजे चाचणीच्या आज्ञा लिहिलेली फाइल, उघडली. चाचणी मुद्दाम नसलेली फाइल मागायची आणि प्रोग्रॅम तक्रार करतो का ते पाहायची. धाकटीनं तेवढीच एक ओळ वेगळी चालवली. 'अशी फाइल सापडत नाही,' प्रोग्रॅमनं उत्तर दिलं.

"बरोबर बोलला की," नाना म्हणाले.

"प्रोग्रॅम बरोबरच आहे. चाचणीला कळत नाहीये. ती इंग्रजी शब्द शोधते. मराठीत उत्तर आलं की तिला वाटतं, उत्तर आलंच नाही."

"म्हणजे परीक्षकालाच भाषा येत नाही."

"तसंच समजा."

नाना खांदे हलवत हसले. तीही हसली आणि स्क्रिप्टच्या वरच्या टोकाला गेली. तिथं भाषांची एक यादी होती. फ्रेंच, तुर्की, जपानी, फिनिश. मशीन या भाषांत असेल तर चाचणीपुरतं इंग्रजीत बोल, असं प्रोग्रॅमला सांगून ठेवलं होतं. प्रत्येक भाषेपुढे एकेका माणसाचं नाव होतं. मराठी त्यात नव्हती. एक शब्द वाढवला की काम होणार होतं.

तिचा हात थांबला. मराठीत कुणीही चाचण्या लावल्या असत्या, तर त्याला पहिल्याच दिवशी या लाल ओळी दिसल्या असत्या. तिला त्या कधीच दिसल्या नव्हत्या. नानांचं काम नवं असताना तिनं ऑफिसात एकदा मराठी लावून पाहिली होती. शेजारचा सहकारी काय हे म्हणून डोकावला, तशी तिला लाज वाटली आणि तिनं ती घाईनं बदलली. पुन्हा लावायची राहूनच गेली.

तिनं भराभर तो शब्द टाकला, चाचण्या लावल्या, बदल कारभाऱ्याकडे पाठवून दिला.

"झालं. सेटिंगचा घोळ होता."

"कसला घोळ?"

"बारीकसा. बघा, सगळं हिरवं झालं."

नानांनी हिरव्याकडे पाहिलंच नाही. चूक कुठून आली हे कळल्याशिवाय पुढच्या पानावर जायचं नाही, ही त्यांची जुनी खोड. त्यांनी तिला स्क्रिप्टमध्ये पुन्हा वर जायला लावलं आणि यादीवरून पेन्सिल सावकाश खाली, तिनं आत्ताच घातलेल्या मराठीपर्यंत आणली.

"ही नावं कुणाची?"

"आपल्या भाषेत चाचणी अडते, अशी ज्यांनी तक्रार केली त्यांची."

"आणि यादी केव्हाची?"

"पहिल्यापासूनची," ती म्हणाली.

आतून आईनं चहा टाकू का म्हणून विचारलं. नानांनी पेन्सिल यादीवरून उचलली.

"पुस्तकात चूक राहिली की पत्र यायचं," नाना म्हणाले. "वाचणारा एक जरी असला, तरी यायचंच."

"आता लोक नाही कळवत, नाना. कंटाळा करतात."

"तू नाही कंटाळा करणारी. दर आवृत्तीला चाचण्या लावतेस."

तिनं कीबोर्ड जरा पुढे ढकलला.

"ऑफिसात इंग्रजीच ठेवावी लागते," ती शेवटी म्हणाली. तेही खरं नव्हतं.

"हो. ठेवावी लागत असेल."

ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. तेवढ्यात कारभाऱ्याचं उत्तर आलं. तिनं ते जरा जास्तच उत्साहानं वाचून दाखवलं. मराठी राहिली. मनापासून आभार. पुढच्या आवृत्तीची नवी वाक्यं सोबत जोडली आहेत, सवडीनं पाठवा.

"त्याला लिही," नाना म्हणाले, "आता माझ्याच्यानं होत नाही. दुसरं कुणी बघा."

"असं काय करता? मी उद्या गेल्या गेल्या माझ्याकडे मराठी लावते."

"कशाला? माझ्यासाठी?"

तिनं उत्तर लिहायची चौकट उघडली.

"लिही. इंग्रजीत लिही, त्याला कळायला हवं."

तिनं लिहिलं. नाना पुढे वाकले, पेन्सिल ओळीखाली धरून त्यांनी शब्दन् शब्द वाचला आणि एका जागी तिला स्वल्पविराम द्यायला सांगितला. तिनं दिला. त्यांनी पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचून काढलं.

"पाठव," ते म्हणाले.