कुशिएमोनची मतं

समुद्राकाठच्या त्या गावात सार्वजनिक न्हाणीघर एकच, आणि ते तोमेझोचं. साठी उलटली तरी त्याचा तोरा पंचविशीतलाच होता. केसांना तेल चोपडून भांग पाडल्याशिवाय तो भट्टी पेटवायचा नाही, आणि डोक्यात कायम काहीतरी शिजत असायचं. शेजारच्या गावात गरम पाण्याचा झरा लागला, तेव्हा यानं आपल्या हौदात कसलासा पाला टाकून 'औषधी पाणी' म्हणून डांगोरा पिटला. पुढचे कितीतरी दिवस सगळं गाव अंग खाजवत होतं.

त्याची भाची चिगुसा टोकियोत राहून एका साप्ताहिकात मांगा काढायची. तिच्या चित्रकथेचा नायक होता एक देखणा तलवारबाज. पण तोमेझोचा जीव होता कुशिएमोनवर. हा कुशिएमोन कमरेला कंगवा खोचून हिंडायचा, दुसऱ्यासाठी खड्डा खणायचा, त्यात आपणच पडायचा आणि पडता पडता केस सावरायचा. "स्वतःला मदनाचा पुतळा समजतोय," म्हणत तोमेझो पोट धरधरून हसायचा. अंघोळीला आलेली माणसं एकमेकांकडे बघायची आणि पाण्यात मान खाली घालायची.

शेवटी त्याच्या बायकोला, सुएकोला, राहवलं नाही.

"अहो, ते तुम्ही आहात," ती म्हणाली.

त्या दिवशी तोमेझो जेवला नाही. सुएकोला वाटलं, आता भाचीशी संबंध तुटणार. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर दारावर नवी पाटी झळकत होती: 'कुशिएमोन इथलाच.'

शरद ऋतूत चिगुसा चार दिवस राहायला आली, ती मान खाली घालूनच. मामानं पाटी दाखवली तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. त्यानं तिला खेकडे खाऊ घातले आणि हळूच विषय काढला, की नाक जरा सरळ काढता येईल का. तेव्हा तिनं खरं काय ते सांगितलं. कुशिएमोनचे सगळे डाव काढून संपले होते, नवं काही सुचत नव्हतं. संपादक म्हणत होते, त्याला एखाद्या जहाजात बसवून दूर पाठवून द्या. त्या महिन्यात वाचकांची आवडत्या पात्रासाठी मतं मागवली होती. त्यात कुशिएमोन वर आला, तर कदाचित वाचेल.

तोमेझोनं मान डोलावली आणि दुधाच्या बाटल्यांचे क्रेट मोजायला गेला.

दुसऱ्या दिवसापासून न्हाणीघरात नवा नियम सुरू झाला. कुशिएमोनला मत पाठवलं असं जो सांगेल, त्याला अंघोळीनंतर कॉफी घातलेल्या थंडगार दुधाची बाटली फुकट. भाचीला यातलं काही कळू द्यायचं नाही, अशी तंबीही त्यानं प्रत्येकाला दिली. गावातल्या म्हाताऱ्यांनी जन्मात कधी मांगा वाचली नव्हती, पण दुधाला कोण नको म्हणणार? बाटल्यांचे क्रेट रिकामे होत गेले. तोमेझो मनातल्या मनात टोकियोत हारतुरे स्वीकारत होता.

चिगुसा निघायच्या आदल्या संध्याकाळी तो पुरुषांच्या हौदात मानेपर्यंत बुडून बसला होता. मधली भिंत छतापर्यंत गेलेली नव्हती, त्यामुळे बायकांकडचं बोलणं सगळं ऐकू यायचं.

"दूध छान आहे हो," मासळीवाली ओहात्सुआजी म्हणत होती. "मी तर रोज सांगते, मत पाठवलं म्हणून."

"कुणाला पाठवलंस?" दुसरीनं विचारलं.

"त्या तलवारवाल्याला. या वयात मत द्यायचं तर निदान बघण्यासारख्याला तरी द्यावं. तोमेझोला काय, रोजच बघतो आपण."

बायकांकडे खसखस पिकली. "आम्हीही त्यालाच," असे आवाज आले, आणि त्यात एक हसणं चिगुसाचं होतं. हसता हसता तिला ठसका लागला. मग पाणी खळबळलं आणि कुणीतरी धावत बाहेर गेल्याची चाहूल लागली.

तोमेझो अंग पुसून बाहेर आला तेव्हा चिगुसा ओल्या केसांनी तशीच गल्ल्याच्या फळीवर वाकून चित्रं काढत होती.

"मामा," मान वर न करता ती म्हणाली, "ऐकलंत तेव्हा तोंड कसं झालं होतं तुमचं?"

तोमेझोला राग आला होता. पण भाची इतक्या आशेनं वाट बघत होती, की त्याचा राग कुठल्या कुठे गेला. त्यानं घसा खाकरला.

"मला आधीच ठाऊक होतं," तो म्हणाला. "त्या तलवारवाल्या पोराला मतं मिळू दिली मीच. तो गाफील राहावा म्हणून."

चिगुसानं हेही लिहून घेतलं.

मतांमध्ये कुशिएमोन पार तळाला गेला. पण गावभर दूध वाटून पडलेल्या कुशिएमोनची गोष्ट छापून आली तशी वाचकांची पत्रं सुरू झाली, आणि जहाजाचा विषय संपादकांनी पुन्हा काढला नाही. वसंतात तो भाग चित्रकथेवरच्या टीव्ही मालिकेतही लागला. कपडे बदलायच्या खोलीत दाटीवाटीनं बसून गावानं तो पाहिला. ओहात्सुआजीनं स्वतःला लगेच ओळखलं आणि आपल्याला फार म्हातारी दाखवलीय म्हणून कुरकुर केली. पोट इतकं कुणाचं असतं का, असं तोमेझोही पुटपुटला.

शेजारी सुएको डोळ्यांना किमोनोची बाही लावून हसत होती. हसून हसून तिला बोलता येत नव्हतं. तोमेझो पुढचं पाहायचं विसरला आणि तिच्याकडेच बघत बसला.