लिफ्टकाकांची निवडणूक

लीगमध्ये त्यांना सगळे लिफ्टकाका म्हणायचे. लिफ्ट दुरुस्त करणं हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा, आणि पन्नाशी उलटल्यावर फ्रिस्बी खेळायला आलेला सगळ्या लीगमध्ये हा एकच माणूस. त्यामुळे नाव चिकटलं ते चिकटलंच. त्यांना आणलं लेकीनं. एका रविवारी तिच्या संघात एक जण कमी पडला, तर हिनं बापालाच ओढत मैदानावर नेलं. ती उडती तबकडी, डिस्क, कशी धरायची, मनगट कसं झटकायचं, सगळं तिनंच शिकवलं. काकांची डिस्क उत्तरेला सोडली की पूर्वेला जायची, पण धावण्यात ते कुचराई करत नसत. लेक मात्र जातिवंत खेळाडू. तिनं उडी मारून डिस्क झेलली की समोरचा संघसुद्धा टाळ्या वाजवायचा.

या खेळात पंच नसतो. धक्का लागला तर ज्याला लागला त्यानं सांगायचं, ज्यानं मारला त्यानं कबूल करायचं. काकांना याचं फार अप्रूप होतं. कामावर ते कुणाच्या शब्दावर लिफ्ट सुरू करत नसत, ब्रेक स्वतः तपासत. इथे मात्र सगळा कारभार शब्दावर चालायचा, आणि चालायचाही.

गेल्या हंगामात एका दुपारी काका एका ऑफिसच्या इमारतीत अडकलेली लिफ्ट सोडवत होते. तिकडे मैदानावर लेक डिस्कमागे धावताना दुसऱ्या मुलीवर आदळली आणि डोक्यावर पडली. कॅप्टननं विचारलं, बरी आहेस ना? ती म्हणाली, बरी आहे, खेळते. पाणी प्यायली, थोडी बसली, पुन्हा उतरली. दुसऱ्यांदा आपटली तेव्हा मात्र तिला उचलून न्यावं लागलं.

हाडं शाबूत होती. बिघडलं ते आतलं. उजेड सोसेना. पुस्तकाचं पान वाचलं की डोकं फुटायला यायचं. बोलता बोलता साधे शब्द निसटायचे. ग्लास हवा असेल तर 'ते, पाण्याचं, ते' असं म्हणत बोट दाखवायची आणि मग डोळे भरून यायचे. आर्किटेक्टचं शिक्षण अर्ध्यावर सुटलं. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल. किती, ते त्यांनाही सांगता येईना.

हातावर हात ठेवून बसणं काकांच्या स्वभावात नव्हतं. लीगच्या बोर्डावर एक जागा रिकामी झाली, तेव्हा त्यांनी उभं राहायचं ठरवलं. मागणी एकच. डोक्याला मार लागला की त्या दिवशी खेळाडू पुन्हा उतरणार नाही, मग तो स्वतः काहीही म्हणो. आणि हे ठरवायला दर सामन्याला एक प्रशिक्षित माणूस हजर हवा. काकूंनी विचारलं, "अहो, पण तिला विचारलंत का?" काका म्हणाले, तिच्यासाठीच तर करतोय, त्यात विचारायचं काय?

निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध उभा राहिला तो लेकीचाच कॅप्टन. उंच, हडकुळा, उडी मारली की खाली यायचं नाव घेत नसे, म्हणून सगळे त्याला पतंग म्हणत. अपघातानंतर तो दर आठवड्याला घरी यायचा. पडदे ओढलेल्या खोलीत तिच्याशेजारी बसून तिला हळू आवाजात बातम्या वाचून दाखवायचा. तो आला की काका पायात चपला सरकवून बाहेर पडत. तो गेल्याचं लांबून दिसेपर्यंत परतत नसत.

काका एकेका संघाच्या सरावाला गेले. मैदानाच्या कडेला उभं राहून सगळं सांगायचे. पडदे, शिक्षण, पाण्याचा ग्लास. पोरं माना खाली घालून ऐकत. मुली डोळे पुसत. मत तुम्हालाच, काका, असं जवळजवळ सगळेच म्हणाले. काकांना कितीतरी दिवसांनी पोटभर जेवण गेलं.

सभा एका शाळेच्या व्यायामशाळेत भरली. लोखंडी खुर्च्या, डोक्यावर पांढरेफटक दिवे. सभा सुरू होता होता काकूंचा हात धरून लेक आत आली. काळा चष्मा, कपाळावर ओढलेली टोपी. एवढ्या उजेडात ती आपल्यासाठी आली, असं काकांना वाटलं. ते बोलायला उठले आणि त्या दिवशी इतर कुठल्याही दिवसापेक्षा चांगले बोलले. ग्लासाचंही सांगितलं.

मग पतंग उठला. त्याला धड बोलता येत नव्हतं. तो म्हणाला की त्या दिवसापासून त्याची झोप उडाली आहे. पण त्यानं विचारलं होतं, तिनं उत्तर दिलं होतं, आणि त्यानं ते मानलं होतं. खेळाडूचा शब्द मानायचा नसेल तर हा खेळ उरतच नाही. एवढं बोलून तो खाली बसला.

हात वर करून मतं घेतली. काकांसाठी पुढच्या रांगेत दोन-चार हात उठले, तेही पालकांचे. शब्द दिलेली पोरं आपल्या बुटांकडे बघत होती. मग पतंगचं नाव पुकारलं आणि सगळीकडून हात वर आले. किती, ते काकांना कळलंच नाही. कारण शेवटच्या रांगेत, काकूंच्या शेजारी, त्यांच्या लेकीचा हात वर होता.

सभेनंतर तिघं गाडीतून घरी निघाले. अवजारांची पेटी मागे खडखडत होती. लेकच आधी बोलली.

"बाबा, ग्लासाचं तू सगळ्यांना सांगितलंस."

"खरं तेच सांगितलं ना?"

"ते माझं होतं." ती थांबली. "मी म्हटलं होतं, खेळते. कुणी जबरदस्ती केली नव्हती. चूक असेल तर माझी. पण तू म्हणतोस, माझ्या बोलण्याला काही अर्थच नव्हता. तेव्हाही नाही आणि आताही नाही."

"असं मी कधी म्हटलं?"

"तू मला विचारलंस का, उभा राहू का म्हणून?" काकांनी गिअर बदलला. ती पुढे म्हणाली, "मला बरं व्हायचंय. नाहीच झाले तर नाही. पण मला लीगचं ते व्हायचं नाही. ते..."

शब्द सापडेना. ती कपाळाला बोटं लावून शोधत राहिली. काकांना ते बघवेना.

"उदाहरण?" ते म्हणाले.

तिनं तोंड खिडकीकडे फिरवलं.

"बघ. तेही तूच बोललास."

काकूंनी मागून तिच्या खांद्यावर हात ठेवला. काकांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

पुढच्या महिन्यात ती मावशीकडे राहायला गेली. तिथे मला कुणी ओळखत नाही, एवढंच कारण तिनं दिलं. काका सोडायला येतो म्हणाले. ती म्हणाली, आई येतेय. पतंगनं एकदा काकांना फोन केला. बोर्डानं मैदानावर प्रथमोपचाराची पेटी ठेवायचं मान्य केलंय, म्हणाला. प्रशिक्षित माणसाचं पुढच्या हंगामात बघू. काका म्हणाले, छान झालं. त्यानंतर ते मैदानाकडे फिरकले नाहीत. रविवारीसुद्धा कामं घेऊ लागले.

लेकीचा फोन संध्याकाळी काकूंना येतो. काका बाहेरच्या खोलीत बसून एका बाजूचं ऐकतात. औषधं, झोप, मावशीच्या मांजरीला झालेली पिल्लं. गेल्या आठवड्यात काकू आंघोळीला गेल्या होत्या, म्हणून फोन काकांनी उचलला.

"आई आहे?"

"येईलच आता. तू कशी आहेस?"

"बरं, मग मी नंतर करते."

काकूंनी बाहेर येऊन विचारलं, कुणाचा फोन होता?

"तुझा होता," काका म्हणाले, आणि त्यांनी टीव्हीचा आवाज थोडा वाढवला.