माझा दगड देव झाला

मित्रांनो, मी एक जुना किल्ला आहे. जळकोट तालुक्यातल्या एका माळावर बसलोय. आणि लपवून काय उपयोग, मला एका दगडाचा लई हेवा वाटतो. तोही परका नाही, माझ्याच बुरुजाचा!

फार फार पूर्वी जमिनीच्या पोटातून तापलेला रस वर आला, थिजला आणि त्याचा हा काळा पाषाण झाला. बहामनी काळात पाथरवटांनी तोच फोडून माझा खंदक खणला आणि निघालेल्या दगडांचे तट रचले. छिन्न्या बोथट व्हायच्या, कातळ दाद द्यायचा नाही. पुढे निजामाचे शिपाई आले. माझ्या दिंडी दरवाजातून मान वाकवल्याशिवाय कुणाला आत येता येत नसे. आता शेळ्या येतात, त्याही मान वर करून.

तर तो दगड. एका पावसाळ्यात बुरुजातून निसटला आणि गडगडत खाली शेत असलेल्या देविदासच्या बांधावर जाऊन पडला. पुढं देविदासची म्हैस हरवली. तीन दिवसांनी सापडली, ती त्याच दगडाला पाठ घासत उभी. झालं! दगडाला शेंदूर फासला, म्हसोबा म्हणून नारळ फुटला. तेव्हापासून दर अमावस्येला नैवेद्य. अरे, म्हशीला खाज सुटली होती, त्यात त्याचं काय कर्तृत्व? मी पाचशे वर्षं उन्हातान्हात उभा आहे, माझ्यावर कुणी तांब्याभर पाणी ओतलं नाही.

यंदा तर कहर झाला. म्हसोबाला देऊळ बांधायचं ठरलं. दगड कुठून आणायचे? माझ्या बुरुजातून! बांधकामाचं कंत्राट घेतलेला सोमेश गुत्तेदार जेसीबी घेऊन आला. यंत्राचा दात तटाला लागला, तेव्हा भीती वाटलीच, पण त्याहून जास्त संताप आला. त्या कालच्या पोरासाठी मला पाडता?

तेवढ्यात देविदासची म्हातारी आई, साखराबाई, नैवेद्याचं ताट घेऊन आली आणि यंत्रापुढं उभी राहिली.

"काय करायलास रे सोमेश?"

"देवाचं घर बांधायलोय, आज्जी."

"आन् देव आला कुठून?"

सोमेशनं बुरुजाकडं पाहिलं. त्या दगडाची जागा अजून रिकामीच होती.

"ह्यो बुरूज त्याचा बाप हाय. बापाला पाडून लेकाला घर बांधतूस व्हय? देव कोपला तर?"

सोमेशनं कानाला हात लावला आणि जेसीबी मागं घेतला. देऊळ विटांचं झालं.

मला वाटलं, आता तरी म्हातारी ताट माझ्यापुढं ठेवील. कशाचं काय! ती तडक त्या म्हसोबाकडं गेली. मी वाचलो, पण त्याच्या पुण्याईनं, आणि हे अजून माझ्या पचनी पडत नाही.

मित्रांनो, मला देव करू नका. तटात उगवलेलं पिंपळाचं रोप तेवढं वेळेवर उपटा आणि माझ्या भिंतींवर नावं कोरू नका. एखाद्याला जपायचं, तर आधी त्याला शेंदूरच फासावा लागतो का रे?