खुणेचा इंजेक्टर

सत्यशीलाबाईंनी पर्समधून नेलपॉलिशची बाटली काढली, उघड्या बॉनेटवर वाकल्या आणि इंजिनात डिझेल सोडणाऱ्या चारही इंजेक्टरच्या डोक्यावर एकेक जांभळा ठिपका लावला. ठिपके वाळेपर्यंत हात लावू नका, असं मिस्त्रीला बजावून त्या कडुनिंबाखाली नवऱ्याशेजारी जाऊन बसल्या. जलालुद्दीन पाना हातात धरून नेलपॉलिश वाळायची वाट बघत उभा राहिला.

"वाईट वाटून घेऊ नका, मिस्त्री," विजयसिंह खुर्चीतून म्हणाले. "एकदा ठेच लागलीय. माजलगावात एका मिस्त्रीनं आमचे नवे इंजेक्टर काढून घेतले आन् जुने बसवले. लाल खूण केलती आमी. गाडी घरी आणून बघतो तर खूण गायब. भर चौकात उभा केला त्याला. चाळीस माणसं होती. परत त्या बाजारात तोंड वर करून चालला न्हाई."

शेजारच्या टपरीवर बंकट चहा गाळत होता. तो हसला, त्याची दोन गिऱ्हाइकंही हसली. गोष्ट सांगितलीच होती तशी छान, हातवारे करून.

जलालुद्दीन हसला नाही. चौकात उभा केलेला मिस्त्री तोच होता. अकरा वर्षांत दाढी पांढरी झाली होती, अंग उतरलं होतं, पण माणूस काही दुसरा झाला नव्हता. त्या दिवसानंतर माजलगावात त्याच्याकडे येणारी प्रत्येक गाडी खुणा करून यायला लागली. कुणी खडूनं, कुणी ऑइलपेंटनं, एकानं तर चक्क खिळ्यानं ओरखडून. मग गाड्या यायच्याच थांबल्या. बायकोला, शहजादीला घेऊन तो तिच्या भावाच्या आधाराने पाटोद्याला आला. आणि ज्यानं हे केलं त्याला जलालुद्दीनचा चेहराही आठवत नव्हता. चौकातल्या अपमानापेक्षा याचा त्याला जास्त संताप आला.

"मग ते जुने काढून परत नवे टाकले का, साहेब?" त्यानं विचारलं.

"न्हाई. हीच गाडी हाय. चालत होती, चालू दिली."

अकरा वर्षं चालू दिली! जलालुद्दीननं मान खाली घातली आणि कामाला लागला.

दोघं एका साखरपुड्याहून परतत होते, गाडी चढाला मान टाकत होती, सकाळी सुरू व्हायलाही कुरकुरली होती. त्यानं लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक एकेका इंजेक्टरवर टेकवून मुठीला कान लावला. पहिला, दुसरा, चौथा टकटक बोलत होते. तिसरा मलूल. मग डिझेल परत नेणाऱ्या नळ्यांना त्यानं चार लहान बाटल्या जोडल्या आणि इंजिन सुरू ठेवलं. बाकी तिन्ही बाटल्यांत बोटभर डिझेल जमलं, तिसऱ्या इंजेक्टरची मात्र गळ्यापर्यंत भरली. इंजिनात जायचं डिझेल हा गडी मागच्या वाटेनं घालवत होता. दाब टिकत नव्हता. पुढं कपिलधारला जायचंय, असं सत्यशीलाबाई मघाशी म्हणाल्या होत्या. कपिलधारच्या चढावर ही गाडी नक्की बंद पडणार होती.

फिल्टर साफ केलाय, जा आता, एवढंच म्हणायचं होतं. जलालुद्दीननं ते वाक्य मनात दोनदा म्हणून पाहिलं. मे महिना, दुपारचे दोन, आडरानात उभी पांढरी गाडी आणि फोनवर ओरडणारे विजयसिंह. त्याला ते चित्र फार आवडलं.

पण आजारी इंजेक्टर बाहेर काढून न बघता सोडायची त्याच्या हाताला सवय नव्हती. त्यानं तिसरा काढला. डोक्यावर कोरलेला नंबर वाचायचा तर आधी ते पुसावं लागतं, म्हणून नेहमीसारखं थिनरचं फडकं फिरवलं. जांभळा ठिपका एका फटक्यात पुसला गेला.

तो फडक्यावरच्या जांभळ्या डागाकडे बघत राहिला. लाल खूण कुठं गेली, हे त्या दिवशी चौकात त्याला सांगता आलं नव्हतं. त्याला खरंच माहीत नव्हतं. ती त्यानंच पुसली होती, नीटनेटकं काम करायच्या हौसेपायी.

नंबरच्या खाचांत अकरा वर्षांची काजळी बसली होती. त्यानं दाभण घेतलं आणि एकेक आकडा कोरून साफ केला. पहिले दोन आकडे काळेच निघाले. तिसऱ्या आकड्याच्या खाचेत तळाशी लाल होतं. चौथ्याच्या तळाशीही.

मग त्यानं कपाटातला एक इंजेक्टर काढला, तिसऱ्याच्या जागी बसवला, त्याचा नंबर गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये भरला आणि गाडी सुरू केली. आवाज एकसारखा झाला. विजयसिंह खूश होऊन उठले. जलालुद्दीन काढलेला इंजेक्टर फडक्यावर घेऊन सरळ सत्यशीलाबाईंपुढे गेला.

"वहिनी, ही खूण वळखता का?"

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, इंजेक्टर उन्हाकडे तिरपा केला, नखानं आकडा खरवडला. नखाला लाल लागलं. मग त्यांनी पहिल्यांदा मिस्त्रीच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"अहो," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "हे माझंच नेलपॉलिश हाय. मीच लावलंतं. आन् हे माजलगावचे जलालुद्दीनभाई हायेत."

बंकटनं स्टोव्ह बारीक केला.

विजयसिंहांनी घसा साफ केला. माणसाकडून चूकभूल होते, झालं गेलं मनात ठेवू नये, असं बरंच काही ते सभेत बोलल्यासारखं बोलले आणि इंजेक्टरसाठी हात पुढे केला. जलालुद्दीननं तो सत्यशीलाबाईंच्या हातातून घेतला आणि शर्टाच्या खिशात टाकला.

"हा माझ्याकडं राहील. गाडीत माझ्या कपाटातला बसवलाय. तपासलेला हाय, दगा देणार न्हाई. पण जुना हाय."

"म्हंजी तू बदललास?"

"हां. तवा बदलला नव्हता. आज बदललाय. जा, त्याच चौकात उभं राहून सांगा. या खेपेला खरं बोलाल."

विजयसिंहांनी टपरीकडे बघितलं. मघाशी हसलेली दोघं त्यांच्याकडेच बघत होती. ते गाडीत जाऊन बसले. सत्यशीलाबाईंनी नेलपॉलिशची बाटली मिस्त्रीच्या टेबलावर ठेवली आणि मान खाली घालून त्यांच्या मागोमाग गेल्या.

गाडी वळणाआड जाईपर्यंत जलालुद्दीन कान देऊन उभा होता. चारही ठोके सारखे पडत होते. मग त्यानं खिशातला इंजेक्टर काढला आणि फळीवर, रस्त्यानं जाणाऱ्याला नंबरातला लाल रंग दिसेल असा उभा ठेवला.