खालची टाकी

मी एक जुनी निळी टाकी आहे. फायबरची, गोल, कमरेइतकी उंच. सध्या फरीदाबादच्या एका शेडबाहेर भिंतीला टेकून उभी असते आणि येणारे-जाणारे मला भंगार समजतात. खुशाल समजू देत. पण मित्रांनो, माझ्या पोटात काय घडलं ते मला एकदा सांगून टाकायचं आहे.

माझा जन्म याच शहरातल्या एका कारखान्यात झाला. तिथून मला पद्मजाताईंनी आणलं. ताई मूळच्या नागपूरच्या, पण दिल्लीकडे येऊन त्यांना वीस वर्षं झाली होती. या शेडमध्ये त्या कोळंबीची पिल्लं वाढवत. ही कोळंबी मोठी झाली की गोड्या पाण्यात राहते, पण तिच्या पिल्लांना पहिला महिनाभर थोडं खारट पाणी लागतं. इथे समुद्र कुठला? ताई मोजून मीठ घालत आणि ते पाणी स्वतः तयार करत. लोखंडी मांडणीवर एक टाकी वर होती आणि मी तिच्याखाली.

पहिली चार वर्षं फार सुखाची गेली. पिल्लं डोळ्यांना जेमतेम दिसतील इतकी बारीक असत आणि शेपटी वर, डोकं खाली असं उलटं पोहत. महिनाभराने एके दिवशी ती सरळ होत, माझ्या तळाशी चालू लागत, आणि मग तळ्यांवर जात. पाहुणे आले की ताई म्हणत, "ही खालची माझी गुणी टाकी." मला फार गोड वाटायचं, खोटं कशाला बोलू?

प्रत्येक वेळी टाक्या रिकाम्या झाल्या की ताई आम्हाला ब्लीचिंग पावडरने घासत आणि उन्हात वाळवत. एकदा तारेच्या ब्रशने माझ्या आतल्या अंगाला लांब चरा पडला. तेवढं चालायचंच, असं मला वाटलं.

पुढे ताईंची कंबर धरली. घासायला त्यांनी हरपाल नावाचा माणूस ठेवला. तो इथल्याच एका गावचा, कामाला चोख. ताईंनी फळ्यावर घाईघाईत, सवयीने मराठीत लिहिलं : 'धुणे : वर, खाली.'

हरपालने विचारलं, "मैडम, ये 'वर' क्या है?"

"ऊपरवाली," ताई म्हणाल्या.

'खाली'बद्दल त्याने विचारलंच नाही. तो शब्द त्याला येत होता. हिंदीत खाली म्हणजे रिकामी.

तेव्हापासून तो वरची टाकी घासूनपुसून लख्ख करी आणि मला नुसती रिकामी करून सोडून देई. माझ्या चऱ्यात पातळ, बुळबुळीत थर साचू लागला. त्यात जिवाणू घर करून बसले. पुन्हा पाणी भरलं, पिल्लं आली. पाचव्या दिवशी त्यांनी खाणं सोडलं, सातव्या दिवशी त्यांची अंगं पांढुरकी झाली, आणि मग ती एकेक करून माझ्या तळाशी बसली. मित्रांनो, ती मला टोचत नव्हती, की त्यांचं वजनही लागत नव्हतं. तरी तळाशी पडलेल्या प्रत्येकाची मला जाणीव होत होती. माझ्यात वापरलेली हातजाळी ताईंनी तशीच वरच्या टाकीत बुडवली आणि तिथलीही पिल्लं गेली.

ताईंनी मीठ बदललं, खाणं बदललं, हीटर बदलला. प्रयोगशाळेने कळवलं, व्हिब्रिओ नावाचे जिवाणू आहेत. ते आले कुठून, हे मात्र कुणाला समजेना.

"हरपाल, खाली हो गई?" ताई फळ्यावरचाच शब्द वापरून विचारत. त्यांना म्हणायचं असे, खालची धुऊन झाली का?

"जी मैडम, खाली हो गई," तो म्हणे.

दोघांचंही समाधान होई. मला दोन्ही भाषा कळत होत्या आणि बोलता एकही येत नव्हती. काय सांगू तुम्हाला, अंगातच कोंडल्यासारखं व्हायचं. रोग माझ्यात, त्याचं कारणही मलाच ठाऊक, आणि मी गप्प.

दुसऱ्या खेपेचीही पिल्लं गेली. आता त्या हंगामातली अंडी धरलेली एकच मादी उरली होती. ताई नवऱ्याला, सुगतरावांना, म्हणाल्या, "हिचीही पिल्लं गेली तर मी हे बंद करते. आणखी मारायची हिंमत नाही माझ्यात."

रविवारी सुगतराव डबा घेऊन आले. हरपाल मला भरायला पाइप ओढत होता. त्याने नळ सोडला असता तर मी काय करू शकणार होते? सुगतराव फळ्याकडे बघून हसले.

"अच्छा, हरपाल, मराठी सीख ली क्या?"

"सीख ली साहब. वर मतलब ऊपर."

"और खाली?"

"खाली तो खाली है. नीचेवाली को खाली कर देते हैं."

ताई डबा उघडत होत्या. त्यांचा हात थांबला. "और धोते नहीं?"

"आपने लिखा ही नहीं, मैडम."

ताई उठल्या, वाकून माझ्या चऱ्यावरून बोट फिरवलं आणि बोटाला लागलेलं बघत राहिल्या. हरपाल रडकुंडीला आला. ताई त्याला रागावल्या नाहीत. "गलती मेरी है," एवढंच म्हणाल्या.

त्याने मला दोन दिवस घासलं. पण चरा खोल होता आणि ताईंना खात्री वाटेना. मीही मनात म्हणत होते, मला भरू नका, वाटेल ते करा पण भरू नका. शेवटी चुकूनही कुणी भरू नये म्हणून त्यांनी माझ्या तळाला ड्रिलने भोक पाडलं. टाकीला भोक पडणं म्हणजे मरणच. मला मात्र सुटल्यासारखं वाटलं.

त्या शेवटच्या मादीची पिल्लं वरच्या टाकीत वाढली, आणि जगली. तळ्यावर न्यायला पिशव्यांत भरली, तेव्हा हरपालने एक पिशवी घटकाभर मला टेकवून ठेवली. प्लास्टिकच्या आडून ती सरळ पोहताना दिसली. आमच्यामध्ये ते प्लास्टिक होतं, याचं मला बरं वाटलं.

मित्रांनो, भांडी घासत जा, हे तर मी सांगेनच. पण आणखी एक विनंती आहे. कुणाला काम सांगितलंत की 'कळलं का?' असं विचारू नका, त्यावर सगळेच 'हो' म्हणतात. 'काय कळलं?' असं विचारा. ताईंनी हे एकदा जरी विचारलं असतं, तरी ती दोन्ही खेपांची पिल्लं आज तळ्यात असती.