राधाआजीची चावी

शेफाली, बस ना नीट, आणि मितेश, तो फोन आत टाक. आज चार वाजता सभा आहे आणि त्याच्या आधी मला हे कोणाला तरी पूर्ण सांगायचंय, नाहीतर तिथे माईकसमोर माझा आवाजच फुटणार नाही. कॉलेजमध्ये तुम्ही विचारत होता ना, प्राची तीन आठवडे का येत नाहीये? सगळ्यांना वाटतंय आग लागली म्हणून. आग लागली होती, पण नुसती आग नव्हती ती. ऐका.

आमची चाळ माहितीये तुम्हाला, लालबागची, मसाल्याच्या दुकानांच्या मागची. तीन माळे, एकच जिना, लाकडी, आणि जिन्याखाली सगळ्यांचे मीटर. तिसऱ्या माळ्यावर कोपऱ्यात राधाआजी राहते, तिचा मुलगा जयवंतकाका, बस दोघंच. आजीला हल्ली काही आठवत नाही. दोनदा उठून चालायला लागली, एकदा तर करी रोड स्टेशनवर सापडली, कोणाला तरी विचारत होती गिरणीचा भोंगा झाला का म्हणून. तेव्हापासून जयवंतकाका ड्युटीला जाताना बाहेरून कुलूप लावतो आणि चावी आमच्याकडे, दुसऱ्या माळ्यावर, दाराच्या मागच्या खिळ्याला. मी दुपारी घरी असते ना, मग एक वाजता मी जाऊन दार उघडायचं, आजीला जेवायला वाढायचं, दोन शिव्या खायच्या, परत कुलूप. अख्ख्या चाळीला माहितीये. म्हणजे आजीच्या दाराला कुलूप आहे याचा अर्थ आजी आत आहे. इतर कुठे कुलूप दिसलं तर माणूस बाहेर गेलाय, आमच्याकडे उलटं.

हे लक्षात ठेवा.

त्या मंगळवारी सकाळी मला जयवंतकाकाचा व्हॉइस मेसेज आला. चाळीस सेकंदांचा. काका बोलतो हळू, म्हणून मी नेहमी दीडपट स्पीडला ऐकते. असाइनमेंट चालू होती, ऐकला. "प्राची, आज आईला घेऊन माझगावला ताईकडे सोडतोय, तिथूनच ड्युटीला जाईन. संध्याकाळी ताई आणून सोडेल, चावी खिळ्याला लावलीये, ती आली की दे." मी अंगठा पाठवला. ऐकलं नाही असं नाहीये, शेफू. नीट ऐकलं. उलट खूश झाले, आज वाढायला जायला नको म्हणून.

दुपारी साडेतीनला खालून ओरडा झाला. मीटर पेटले. आधी वाटलं नेहमीसारखं ठिणग्या उडतायत, कोणीतरी मेन स्विच पाडेल. पण धूर बघ ना, तो काळा, जाड, प्लास्टिकचा, आणि जिना म्हणजे नळकांडंच, सगळा वर. आई बाजारात होती. मी फोन घेतला, ओढणी तोंडाला, आणि दारातून निघताना हाताने खिळ्यावरची चावी घेतली. विचार नाही केला. हाताला सवय. आईने शंभरदा सांगितलेलं, काय वाटेल ते होऊ दे, पहिली आजीची चावी.

सगळे खाली गल्लीत. कोण अनवाणी, कोण टॉवेलवर. पवारांची सुरुची डोक्यात मेंदी लावून. माणसं मोजायला लागले आणि कोणीतरी ओरडलं, "राधाआजी?"

"कुलूप आहे वर! मी बघितलं उतरताना!"

"चावी कोणाकडे?"

आणि माझ्या हातात चावी.

बघा, सगळ्यांनी बघितलं. चावी हिच्याकडे म्हणजे म्हातारी आत. मला पण तेच वाटलं, आईशप्पथ. त्या क्षणी तो मेसेज माझ्या डोक्यातच नव्हता. मला दिसत होती आजी, बंद दाराच्या आत खाटेवर बसलेली.

आता गौतम. गौतम तुम्ही बघितलाय, माझ्या वाढदिवसाला आलेला तो उंच, एसी रिपेअरिंगवाला. पहिल्या माळ्यावरचा, सुभद्राकाकीचा. तिचा एकुलता. तो आमच्या पथकात दहीहंडीला कायम खालच्या थरात. सगळे वर चढायचे, हा खाली खांदा लावून उभा. उंचीची भीती. त्याला आम्ही काय म्हणायचो माहितीये? फट्टू. "फट्टू, टेबलावर चढून बल्ब तरी लाव." सगळ्यात जास्त मीच म्हणायचे. तो मला पाचू म्हणायचा. हसायचा आणि सांगायचा, "मी खाली नसलो तर तुम्ही सगळे तोंडावर पडाल."

तो समोर आला. पवारांच्या बादलीत टॉवेल बुडवला, तोंडाला बांधला, हात पुढे केला. "चावी दे."

मी दिली.

आणि देताना त्याचा हात लागला ना मला, तो थरथरत होता. अगदी असा. तो माझ्या कानाशी वाकला, बाकी कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून, आणि म्हणाला, "पाचू, मला लय भीती वाटतेय यार." आणि गेला.

मितेश, मला बोलू दे, मग पाणी दे.

तो गेला आणि मी फायर ब्रिगेडला कॉल लावायला फोन उघडला. तेव्हापर्यंत दहा जणांनी लावला होता, पण काहीतरी करायचं म्हणून. फोन उघडला तर व्हॉट्सॲपच उघडं, सगळ्यात वर जयवंतकाका. निळा माईक. माझा अंगठा.

आजी माझगावला.

मी धावले. "गौत्या, आजी नाहीये! आजी नाहीये वर!" पण गल्लीत एवढा आरडाओरडा, कोणाला काय ऐकू जातंय. मी जिन्यावर चढले. एक, दोन, तीन, चार. चौथ्या पायरीवर तो धूर असा आला की डोळे उघडेनात, छातीत कोणीतरी बोळा कोंबल्यासारखं. अजून वीस-बावीस पायऱ्या चढले असते तर पहिल्या माळ्यावरून हाक तरी मारता आली असती. मी मागे फिरले.

चार पायऱ्या. बस.

आणि खाली येऊन मी कोणाला काही बोलले नाही. म्हणजे म्हणाले असते, आजी नाहीये, गौतम उगाच गेलाय, तर काय झालं असतं, अजून कोणीतरी त्याला आणायला गेलं असतं, असं मी नंतर स्वतःला सांगितलं. खोटं आहे ते. माझी हिंमत नव्हती झाली, बस. सगळे वर बघत होते आणि मी पण वर बघत उभी राहिले.

बंब आला, पण गल्लीत स्कूटर लावलेल्या, त्या हलवण्यात वेळ गेला. त्यांनी गौतमला खाली आणला. जळला नव्हता रे कुठे. झोपल्यासारखा. नुसतं नाकाखाली काळं. हॉस्पिटलात नेल्यावर दहा मिनिटांत सांगितलं.

खोलीत काय दिसलं ते फायरवाल्या एका माणसाने सांगितलं. कुलूप उघडून नीट कडीला अडकवलेलं. आत खाट ओढलेली, खाटेखालच्या ट्रंका बाहेर. कपाटाची दोन्ही दारं उघडी. आणि तो मोरीशी, मोरीचा पडदा हातात. म्हणजे कळतंय ना? आजी असती तर दार उघडल्या उघडल्या खाटेवर दिसली असती, त्याने उचलली असती, आला असता खाली. ती नव्हती म्हणून तो शोधत राहिला. कपाटात पण शोधलं त्याने. रिकाम्या खोलीत.

संध्याकाळी सहाला ताई आली, आजीला हाताला धरून. आजीच्या हातात नानकटाईची पिशवी. म्हणते, "आज एवढी माणसं कशाला जमलीत गो, गणपती आणलेत काय?"

त्याच वेळी जयवंतकाका ड्युटीवरून आला आणि सगळी चाळ त्याच्यावर. लवूमामा, जो कधी आवाज चढवत नाही, तो ओरडला, "म्हातारीला नेतोस तर सांगून जायला जीभ झडली होती काय तुझी?" काकाने एकदा माझ्याकडे बघितलं. एकदाच. त्याच्या खिशात फोन होता, त्यात माझा अंगठा होता, वेळेसकट. त्याने तो काढला असता तर संपलं होतं. त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "चुकलं माझं."

तेव्हापासून तीन आठवडे कोणी त्याच्याशी बोलत नाही. सकाळी सहाला पाणी येतं तेव्हा सगळे नळावर असतात, तर तो पाच वाजता येऊन, जे काय बारीक धार असेल त्यात हंडा भरून जातो. मला रोज त्याच्या हंड्याचा आवाज येतो. मी पांघरूण डोक्यावर घेते.

आणि मी? मी हिरॉईन, शेफू! मंडळाने नाक्यावर बॅनर लावलाय, गौतमचा कोणाच्या तरी लग्नात काढलेला फोटो, खाली 'निर्भय'. आणि आजच्या सभेत त्याच्यासोबत माझा पण सत्कार. शाल, नारळ. का, तर "एवढ्या आगीत पोरगी म्हातारीची चावी विसरली नाही." अध्यक्ष घरी येऊन सांगून गेले. आईला कौतुक. मी संडासात जाऊन उलटी केली.

पण ते पण मी गिळलं असतं, खरं सांगते. एवढी वाईट आहे मी. काय नाही गिळता आलं सांगू? सुभद्राकाकी. काकी रडत नाही. दिवसकार्य झालं, तेरावं झालं, रडली नाही. फक्त जो भेटेल त्याला तिच्या मालवणीत एकच विचारते, "जाताना काय बोललो तो? माझो झील काय बोललो काय?" सगळे सांगतात, काही नाही काकी, वाघासारखा गेला, मागे वळून नाही बघितलं. ती मान हलवते आणि पुढच्याला विचारते. मला पण विचारलं. दोनदा. मी म्हणाले, नाही काकी.

तिच्या पोराचं शेवटचं वाक्य माझ्याकडे आहे आणि मी ते दाबून ठेवलंय. कारण ते सांगायचं तर तो माझ्या कानाशी का वाकला, चावी का दिली, सगळंच सांगावं लागणार.

काल दुपारी गेले. काकी दारात बसून मेथी निवडत होती. एकटीला किती लागते मेथी? मोठी जुडी होती. मी समोर बसले आणि सांगितलं. सगळं. मेसेज, अंगठा, चार पायऱ्या, जयवंतकाका. ती मेथी निवडत राहिली. एकदा पण वर बघितलं नाही. मला वाटलं ऐकतच नाहीये.

मग म्हणाली, "आणि तो? तो काय बोललो?"

मी म्हणाले, "म्हणाला, पाचू, मला लय भीती वाटतेय यार."

तिचा हात थांबला.

"भीती वाटता म्हणालो?"

"हो काकी. हात थरथरत होता."

आणि काकीचं तोंड असं वाकडं झालं ना, लहान मुलाचं होतं तसं. म्हणाली, "झुरळाक घाबरायचो गो तो. पंचवीस वर्षांचो झालो तरी मोरीत झुरळ दिसला की माका हाक मारायचो. ह्ये सगळे सांगतत वाघ, निर्भय. माका वाटला, ह्ये दुसऱ्याच कोणाच्या झिलाबद्दल बोलतत." आणि रडली. तीन आठवड्यांचं रडली, मेथीच्या पाल्यात तोंड घालून. मी हात लावायला गेले तर झटकला. जोरात.

मग पदराने तोंड पुसलं, उठली. "तू जा आता. माका तुझा तोंड बघूक नको."

आणि दार लावलं. दुपारी तीन वाजता. शेफाली, आमच्या चाळीत दिवसा कोणी दार लावत नाही. माणसं वारली तरी लावत नाहीत. मी त्या बंद दारासमोर उभी, आणि पाय उचलेना. किती वेळ माहीत नाही. मग आतूनच आवाज आला, "गेलंस काय?"

"नाही काकी."

"जयवंताक सांग, सहाक येत जा नळार. चोरासारखो पाचाक कित्याक येता."  मग, "आणि उद्या त्या सभेत सांग. माझो झील घाबरलेलो, आणि गेलो. तसाच सांग. तुझा काय सांगायचा ता तू बघ."

बस, एवढंच.

जयवंतकाकाकडे कालच गेले, निरोप दिला. काका म्हणाला, "तू मला लेकीसारखी, पोरी. मला वाटलं तुला आयुष्य काढायचंय, माझं काय." आजी आतून ओरडत होती, "कोण आलंय रे? जेवायला घाल." आज सकाळी सहाला तो नळावर आला. कोणी बोललं नाही. पण लवूमामाने आपला हंडा बाजूला सरकवला.

पावणेचार झाले का? बघ. नको मितेश, तुम्ही नका येऊ, तुम्ही समोर बसलात तर मी तुमच्याकडेच बघून बोलीन आणि मला काकीकडे बघून बोलायचंय, ती येणार असेल तर. येईल का माहीत नाही. शाल घेणार नाही हे मी अध्यक्षांना अजून सांगितलेलं नाही. आईला पण नाही. आईला तर कशाचीच कल्पना नाही, ती आज माझ्यासाठी इस्त्रीची साडी काढून बसलीये.

हात बघ माझा. धर ना. बघ कसा होतोय.

असाच होत होता त्याचा.