गंगीचा माळ

"काका, दोन्हीचे पैसे एकदम जमत नसन, तर प्रोसेसर बदला. मेमरी कायले वाढवता?" उमरखेडच्या दुकानात धम्मरत्न उघड्या कॉम्प्युटरमधली धूळ ब्रशनं झाडत म्हणाला.

भावसिंग स्टुलावर पुढं सरकला. "कोणाचं काम काय, ते सांग अगुदर."

धम्मरत्न त्याच्या पागोट्याकडं पाहून हसला. "तुमच्या आजोबाची लदेणी धरा. बैलायवर माल लादून गावोगाव जायची ना? प्रोसेसर म्हंजे बैल. मेमरी म्हंजे त्याच्या पाठीवरची गोण."

"मंग आता अडते कायचं?"

"दोन्हीचं. गोण लहान, म्हणून गेम मधातच बंद पडते. बैल म्हातारा, म्हणून रखडते. पण गेमले स्पीड लागते, काका. कोण खेळते? नातू?"

"बायको," भावसिंग म्हणाला.

ब्रश थांबला.

गंगीला लकवा मारून वर्ष झालं होतं. डावं अंग गेलं. मुलगी राखी नोकरीला नागपूरला गेली, तेव्हा तिचा कॉम्प्युटर ढाणकीजवळच्या तांड्यावरच राहिला. सुट्टीत आली तेव्हा तिनं आपल्या याडीच्या, आईच्या, उजव्या हातात माउस दिला, चालायची बटणंही त्याच्यावरच बसवून दिली. गेममधली बाई घोड्यावर बसून वाटेल तिकडं जाई. त्यात लढाई होती, पण गंगी कधी लढली नाही. ती नुसती माळावरून हिंडे. गवत वाऱ्यानं लवे, आभाळ खाली उतरे, आणि नदीपलीकडं लांब एक निळा डोंगर दिसे. महिन्यापूर्वी गेम अपडेट होऊन नवा झाला. तेव्हापासून नदी ओलांडली की पडदा काळा होई. गंगीनं माउसला हात लावणं सोडलं. मग हळूहळू बोलणंही.

म्हातारा बैल उशिरा का होईना मुक्कामाला येतो, भावसिंगला वाटलं. वाटेत सांडलेला माल कुठं शोधायचा?

"गोण मोठी टाक," तो म्हणाला.

"पस्तावसान, काका."

"टाक."

परतीच्या एसटीत कॉम्प्युटर मांडीवर घेऊन बसल्या बसल्या त्याचा डोळा लागला. खिडकीबाहेरची शेतं सरली, कुंपणं विरून गेली. उंच गवतातून कुणीतरी घुंगरं वाजवत पुढं चाललं होतं, आणि त्याला काही केल्या गाठता येत नव्हतं. कंडक्टरनं हलवलं तेव्हा ढाणकी आली होती.

दुपारी गंगीनं नदी ओलांडली. पडदा काळा झाला नाही. पार डोंगरापर्यंतचा मुलूख समोर उघडला. पण घोडा एक पाय टाकी, थबके, मग दुसरा टाकी.

भावसिंगचं तोंड उतरलं. "चुकलंच माह्यं. तो पोरगा सांगून राह्यलता. उद्या जाऊन बदलून आणतो."

गंगी पाहत राहिली. मग तिनं माउस दाबला आणि पडद्यावरची बाई घोड्यावरून खाली उतरली.

"आता हे काय?"

"पायीच जातो." कित्येक दिवसांनी ती बोलली. जीभ जड होती. "घोडा पळे तवा काईच दिसे नाही. आता पाहा, एकेक पाऊल पडून राह्यलं."

बाई गवतातून निघाली. डोंगर लांब होता.

भावसिंगनं खुर्ची ओढली आणि तिच्या डाव्या अंगाला बसला.

"तहान लागली तं सांगजो," तो म्हणाला.